किरकोळ उधारीचा हिशेब

(शेतकरी व कारागीर कुटुंबांच्या सभेंत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही आपणांपुढें मीठमिरचीविषयीं बोलणार आहों. सभेला व्याख्याता आला म्हणजे तो पुराणांवर बोलतो, नाहींतर दिल्लीच्या राजकारणावर बोलतो. आणि ऐकणारा घरीं जातो तों चुलीपुढें तोच जुना प्रश्न बसलेला असतो कीं, तेल संपलें, आतां दुकानांत कोणत्या तोंडानें जावें? या प्रश्नावर कोणी व्याख्यान देत नाहीं. हलका विषय म्हणून पंडित त्याला शिवत नाहींत. आम्हांस तो हलका वाटत नाहीं. ज्याच्या घरीं उधारीचें खातें आहे, त्याच्या मानेवर दुसऱ्याचा हात आहे; आणि असा मनुष्य बाजारांत, ग्रामसभेंत किंवा मतदानाच्या दिवशीं ताठ उभा राहूं शकत नाहीं.

प्रथम एक गोष्ट मोकळेपणानें बोलून घेऊं. काटकसरीचा उपदेश आपल्या लोकांस नवा नाहीं. कुणबी लग्नांत उधळतो म्हणून कर्जांत बुडतो, हें वाक्य साहेबाच्या राज्यापासून चालत आलेलें आहे, आणि तें म्हणणाऱ्यांचें पोट नेहमीं भरलेलें असे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी सावकारांच्या दारांत गेले आणि त्यांनीं खतें व वह्या बाहेर काढून जाळल्या. पुढें हें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरलें. सरकारनें चौकशीसाठीं मंडळ बसविलें. त्या मंडळानें काय लिहिलें तें ऐकण्यासारखें आहे. लग्नाच्या खर्चाला कर्जाचें कारण म्हणून फाजील महत्त्व दिलें जातें. खाण्यासाठीं, बियाण्यासाठीं, बैलांसाठीं आणि सरकारी साऱ्यासाठीं वारंवार काढलेल्या लहान लहान रकमाच कुणब्याचें कर्ज अधिक फुगवितात, असा त्याचा अभिप्राय पडला. म्हणजे उधळ्या म्हणून ज्याची बदनामी झाली, तो मीठ आणि बी उधार आणीत होता!

दीडशें वर्षें लोटलीं. साऱ्याचें ओझें पूर्वींसारखें उरलें नाहीं, सावकाराची पगडीही गेली. पण त्या लहान लहान रकमा अजून आपल्या घरांत आहेत. आज त्यांच्याविषयींच बोलावयाचें आहे.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतों. वडिलांनीं एका वर्षीं दुकानांतली आमच्या नांवाची वही मागून आणली आणि आम्हां मुलांस बेरीज करावयास बसविलें. चहापूड ४१ वेळां, साखर ३८ वेळां, तेल पावशेर-अर्धा शेर करून कितीदां तें विचारूंच नका. सर्वांत गंमत म्हणजे 'किरकोळ' या एका शब्दाखालीं २३ रकमा होत्या. किरकोळ म्हणजे काय तें वडिलांस आठवेना, दुकानदारासही आठवेना. देणें मात्र आमच्याच कपाळीं होतें. दोन रकमा तर आमचें सारें घर मामाच्या गांवीं लग्नाला गेलें होतें त्या दिवशींच्या निघाल्या! वडील दुकानीं जाऊन बोलले, तेव्हां त्या दोन खोडल्या गेल्या. मागच्या दहा वर्षांत अशा किती गेल्या असतील तें कोणीं सांगावें?

पण वहींतील चूक ही लहान गोष्ट. मोठी गोष्ट निराळीच होती. तोच दुकानदार मृगाला बी व खत उधार देई, आणि दिवाळीच्या सुमारास तोच आमचें सोयाबीन व पुढें तूर मापून घेई. जूनमध्यें २०,००० रुपयांचा माल घेतला तर सुगीला २३,००० लावीत. वडील म्हणत, शेकडा पंधराच तर जादा. पण हे पंधरा पांच महिन्यांचे होते. वर्षाचे करून पाहा, शेकडा ३६ होतात. शिवाय ज्याचें देणें आहे त्याच्याच तराजूवर माल घालावयाचा, मग भाव कोण सांगणार? त्या दिवसांत साऱ्या गांवाचा माल एकदम बाजारांत येतो आणि भाव पडतो, हें पोरासोरांसही ठाऊक आहे. थांबलें पाहिजे हेंही ठाऊक आहे. पण मिठाचें देणें थांबूं देत नाहीं. अशा रीतीनें तेलाच्या पळीपासून निघालेली दोरी शेवटीं धान्याच्या पोत्यापर्यंत जाऊन पोंचते.

एका जूनमध्यें आमची थोरली बहीण दहावी चांगल्या गुणांनीं उतरली. तालुक्याला नांव घालावयाचें होतें. त्याच आठवड्यांत पेरणीसाठीं दोन पिशव्या बी हवें होतें आणि दुकानदारानें मागील बाकी फिटल्याशिवाय नवी उधारी बंद म्हणून सांगितलें. हातांतले पैसे त्याला गेले. बी आलें, नांव घालावयाचें राहून गेलें. तिनें कधीं तक्रार केली नाहीं. आज तिच्या घरचा सारा हिशेब ती स्वतः ठेवते, आणि तिची मुलगी बारावीला आहे.

त्या दुकानदारास आम्ही राक्षस म्हणत नाहीं. ज्या काळीं बँकेची पायरी आपल्या लोकांस चढूं देत नव्हते, त्या काळीं त्यानेंच पोतें दिलें होतें. तोही वरच्या व्यापाऱ्याकडून उधारच आणीत असे. पण त्याचा धंदा आपल्या अडचणीवर चालतो, आणि आपण आपली अडचण कमी करूं लागलों तर त्याला वाईट वाटूं नये, इतकेंच.

आतां करावयाचें काय? वही घाला. ही वही घरांतल्या बाईच्या हातीं असावी, आणि लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलानें किंवा मुलीनें लिहावी. पुरुष मंडळी हंसतील. हंसूं द्या. खर्च बाई करते आणि हिशेब मात्र दुकानदार ठेवतो, ही कोठली रीत? दुकानांतून उधार आणावें लागलें तर तेथल्या तेथें आपल्याही वहींत लिहून घ्यावें आणि 'किरकोळ' हा शब्द कोणाला लिहूं देऊं नये. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत शेतकऱ्यास पावती व हिशेब मागण्याचा हक्क दिला होता. म्हणजे हा हक्क आपल्या पणजोबांच्या काळापासूनचा आहे. तो वापरण्याची मात्र आपल्याला लाज वाटते.

जुनी उधारी एका दमांत फिटत नाहीं, आणि फेडण्यासाठीं दुसरीकडून हप्त्यानें पैसे काढणें म्हणजे आगींतून उठून फुफाट्यांत पडणें. जुनें खातें तेथेंच थांबवावें, त्यावर नवी रक्कम चढूं देऊं नये. रोजच्या मालांतले दोन जिन्नस, समजा तेल आणि चहा-साखर, आधीं रोखीवर आणावे. ते जमले म्हणजे पुढचे दोन. सुगी झाली कीं वर्षाची ज्वारी, गहूं आणि तूर घरांत ठेवूनच उरलेला माल बाजारीं न्यावा. पुष्कळ घरांत तूर विकतात आणि पुढें तीच डाळ होऊन दुप्पट भावानें पाव-पाव किलो विकत आणतात! आमच्या आयाबायांस घरच्या जात्यावर डाळ करतां येत होती; आतां गिरणींत करून मिळते. लाल मिरची उन्हाळ्याच्या तोंडीं नवी येते तेव्हां घ्यावी, गूळ हंगामांत घ्यावा, कडक ऊन दाखवून कोरड्या डब्यांत ठेवावा तो माल ठेवावा. एका घराला तेलाचा १५ किलोचा डबा झेपत नसेल तर चार घरांनीं मिळून घ्यावा. तेल घेतांना वजन वाचावें. एक लिटर तेल सुमारें ९१० ग्रॅम भरतें. आतां कांहीं पिशव्या दिसावयास लिटरच्या, पण आंत ८०० किंवा ८५० ग्रॅमच, अशा येतात. स्वस्त म्हणून उचललेली पिशवी पुष्कळदां हलकी असते.

लहान पुडी नेहमीं महागच असते, हेंही धरून चालूं नका. केस धुण्याच्या साबणाची पुडी कित्येकदां बाटलीपेक्षां स्वस्त पडते. किंमत आणि वजन यांचा भागाकार करावा. दहा वर्षांच्या मुलाला तो येतो, आणि त्याला शाळेंत गणित कां शिकवितात तेंही त्यामुळें कळतें.

रेशनचें धान्य हा आपला हक्क आहे, कोणाचा उपकार नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांतल्या माणशीं दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य ठरलेलें आहे, आणि जानेवारी २०२३ पासून तें मोफत आहे. यंत्रावर आंगठा लावला म्हणजे पावती निघते, ती मागून घ्यावी. ऊस तोडावयास जाणाऱ्या बांधवांनीं हें लक्ष्यांत ठेवावें कीं, त्याच कार्डावर परगांवच्या दुकानांतही धान्य उचलतां येतें. सहा महिने फडावर विकतचें पीठ खाऊन मुकादमाच्या उचलीत भर घालण्याचें कारण नाहीं.

आतां बियाण्याकडे येतों, कारण मृगाची उधारी तेथूनच सुरू होते. कापसाचें संकरित बी दरवर्षीं विकत घ्यावेंच लागतें, त्याला इलाज नाहीं. पण सोयाबीन सरळ वाणाचें आहे. त्याचें चांगलें बी दोन-तीन वर्षें घरचें वापरतां येतें. मळणी करतांना दाणा फुटूं नये म्हणून यंत्र सावकाश चालवावें, दाणा नीट वाळवावा, पोतीं जमिनीला न टेकतां आणि एकावर एक फार न रचतां ठेवावीं. या दाण्याची साल नाजूक असते. पेरणीपूर्वीं शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे. सातआठ दिवसांनीं चांगले उगवलेले मोजावे. सत्तर उगवले तर एकरीं ३० किलो बी पुरतें. कमी उगवले तर त्या मानानें वाढवावें, फारच कमी उगवले तर दुसरें बी शोधावें. तीन एकरवाल्याचें ९० किलो बी असें घरांतच निघालें तर जूनमधली सर्वांत मोठी उधारी गेली. खतासाठीं रोख पावती घ्यावी. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांची आहे. तिच्याबरोबर दुसरी कसलीशी बाटली घेतलीच पाहिजे असा आग्रह जो धरतो, तो बेकायदा वागतो. त्याची तक्रार पंचायत समितीच्या कृषि अधिकाऱ्याकडे करावी, आणि एकट्यानें न करतां दहा जणांनीं करावी.

आणि मग सुगीला थांबण्याची सोय. कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालूं आहे, पण ती आपल्या लोकांपेक्षां व्यापाऱ्यांस अधिक ठाऊक! बाजार समितीच्या गोदामांत माल ठेवला कीं किंमतीच्या पाऊण भागापर्यंत रक्कम मिळते, सहा महिन्यांसाठीं, दरसाल शेकडा ६ व्याजानें. समजा दहा क्विंटल सोयाबीन आहे आणि भाव ४,००० आहे. चाळीस हजारांच्या मालावर ३०,००० हातीं आले. तीन महिन्यांचें व्याज झालें ४५० रुपये, म्हणजे क्विंटलमागें ४५. वाहतूक-हमाली धरून भाव त्याहून वर गेला तर फायदा. भाव चढेलच असें वचन आम्ही देत नाहीं. कधीं कधीं तो पडतोही. पण त्या वेळीं विकावयाचें कीं नाहीं हें आपण ठरविलेलें असतें.

हप्त्याच्या कर्जाविषयीं थोडें हळूहळू बोलूं, कारण यांत शिकलेलेही फसतात. कोणी येऊन सांगतो, बारा हजार घ्या, बारा हप्ते, व्याज महिन्याला शेकडा दोन. म्हणजे वर्षाचे चोवीस, २,८८० रुपये. दर हप्ता १,२४०. सोपें दिसतें. पण पाहा, दर महिन्याला मुद्दलाचे हजार रुपये परत जात आहेत. शेवटच्या महिन्यांत आपल्याकडे त्याचे हजारच राहिले, तरी व्याज २४० च द्यावें लागतें. हजाराला एका महिन्याचे २४०! सर्व नीट मांडून हिशेब केला तर हा दर शेकडा २४ नसून जवळजवळ ४२ पडतो. म्हणून विचारावयाचा प्रश्न एकच: उरलेल्या मुद्दलावर व्याज लावतां कीं मूळ रकमेवर? उत्तर देतांना जो इकडे तिकडे पाहूं लागेल, त्याचे पैसे घेऊं नयेत.

गटानें कर्ज देणाऱ्या कंपन्या गांवोगांव फिरतात, आणि बायका त्यांनाही बचत गटच म्हणतात. तें तसें नाहीं. बचत गटांत दहा बायकांनीं दरमहा शंभर-शंभर टाकले तर वर्षाला १२,००० होतात, आणि त्यांतून एकीला दिलेल्या कर्जाचें व्याज दहाजणींच्या पेटींतच परत येतें. कंपनीच्या गटांत व्याज कंपनीकडे जातें, आणि एकीचा हप्ता चुकला तर नऊजणी तिच्या दारांत जाऊन बसतात. शेजारणी-शेजारणींत वैर लावणारी ही वसुली आम्हांस सावकाराच्या वसुलीहून वाईट वाटते. रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं नियम केले आहेत: कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून अधिक होतां कामा नयेत; अशा कर्जाला तारण मागतां येत नाहीं; मुदतीपूर्वीं फेडलें तर दंड नाहीं; आणि खरा वार्षिक दर लिहिलेला कागद कर्जदारास दिला पाहिजे. तो कागद मागा. पीककर्जाचें म्हणाल तर सोसायटींतून किंवा बँकेंतून घेतलेलें तीन लाखांपर्यंतचें कर्ज मुदतींत फेडणारास, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नांवाच्या राज्य योजनेखालीं, २०२१-२२ पासून व्याज पडत नाहीं. शून्य व्याजाचें दार उघडें असतां शेकडा छत्तीसच्या दारांत आपण उभे राहतों, याचें कारण पुष्कळदां सातबाऱ्यावर आजोबांचें नांव तसेंच राहिलेलें असतें. वारसाची नोंद करून घेणें हीही घरखर्चाचीच बाब समजावी.

कारागिरांचें दुखणें थोडें निराळें आहे. सुताराला लांकूड, लोहाराला लोखंड, शिंप्याला यंत्र उधार आणावें लागतें, आणि गिऱ्हाईक मजुरी मात्र सुगीवर ढकलतें. बलुतें गेलें, पण बलुत्याची थकबाकी राहिली! मालाचे पैसे आगाऊ घेण्याची रीत कारागिरांनीं एकमतानें पाडावी. एकटा पाडूं पाहील तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाईल. सप्टेंबर २०२३ मध्यें निघालेल्या विश्वकर्मा योजनेंत अठरा धंदे आहेत, हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिलें एक लाखापर्यंतचें कर्ज शेकडा ५ व्याजानें आहे. हत्यारासाठीं काढलेलें कर्ज हत्यारालाच लावावें. त्यांतून मांडव घातला तर दोन्हीं गेलीं.

मांडवाचें नांव निघालेंच आहे तर तेंही सांगतों. कर्जाचें मुख्य कारण लग्न नव्हे हें आम्ही वर म्हटलें, पण म्हणून लग्नांत हात सैल सोडावा असें नव्हे. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजीं स्थापन झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुण्यास भटावांचून, अगदीं थोड्या खर्चांत लग्न लागलें. तेव्हां जोतीरावांच्या माणसांस केवढा त्रास सोसावा लागला! आज त्रास देणारा कोणी नाहीं. भटजीची दक्षिणा वाचविली म्हणून अभिमान सांगणारे आमचेच लोक त्याच्या शंभरपट रक्कम गाण्याच्या भिंतींवर आणि फटाक्यांवर घालतात. आम्ही यास सुधारणा म्हणत नाहीं.

पुरुष बांधवांस एक बेरीज देऊन ठेवतों. दिवसाला वीस-वीस रुपयांच्या दोन मावा-पुड्या खाल्ल्या तर वर्षाला १४,६०० होतात. आमच्या बहिणीचें नांव याच्याहून कमी पैशांत घातलें गेलें असतें. वडील मावा खात नव्हते, हें त्यांच्यासाठीं सांगितलें पाहिजे. पण त्यांच्या जागीं बसलेले पुष्कळ जण खातात.

कोणी म्हणेल, शेतमालाला भावच नाहीं, मग पुडी वाचवून काय होणार? खरें आहे. घरांत कितीही काटकसर केली तरी पडलेला भाव भरून निघत नाहीं, आणि तो भाव मागण्याचें काम सोडून वहींत तोंड खुपसून बसा असें आम्ही कधींही म्हणणार नाहीं. पण मोर्चाला जावयाचें तर तीन दिवसांचें पीठ घरांत लागतें. बाजार बंद ठेवावयाचा तर आठ दिवस माल न विकतां राहतां आलें पाहिजे. व्यापाऱ्याला हें पक्कें ठाऊक असतें कीं उधारीवाला तिसऱ्या दिवशीं येतो.

आतां सभा संपल्यावर आयाबहिणींनीं जाऊं नये. शेजारच्या खोलींत मुलीं पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या आहेत. ज्यांनीं उधारीच्या वह्या आणल्या आहेत त्यांच्या बेरजा त्या करून देतील. ज्यांनीं आणल्या नाहींत त्यांनीं पुढच्या बाजाराच्या दिवशीं घेऊन यावें. हिशेबाच्या कोऱ्या वह्या दाराशीं ठेवल्या आहेत, वीस रुपयांस एक. त्या फक्त रोखीनें मिळतील.